ती चिंधी फेकू नका

प्रश्न : माझे आजेसासरे मराठा पलटणीत सुभेदार होते. महायुद्ध संपल्यावर मलायात आणि जावात होते. 1946 मध्ये गावी आले ते एक जपानी तलवार घेऊन. दर खंडेनवमीला आम्ही ती पुजतो, एरवी ती ट्रंकेत असते. मुठीला तपकिरी पट्टी गुंडाळलेली आहे, त्याखाली पितळी फुलं दिसतात. म्यान लोखंडी, वर टांगायला एक कडी. पातं 26 इंच, त्यावर नागमोडी पांढरट रेघ आहे. कडीला सुतळीने एक मळकी चिंधी बांधलेली आहे, तिच्यावर पुसट अक्षरं आहेत. धाकटे दीर म्हणतात, सामुराईची आहे, कोटीत जाईल. पुण्यातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी फोटो पाहून 35 हजार म्हणाला, वर "जरा घासून लख्ख करून आणा" असंही म्हणाला. दिरांनी पॉलिश पेपर आणून ठेवलाय. तलवार खरी आहे का, किंमत काय, आणि घासायची का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, आधी तो पॉलिश पेपर दिरांच्या हातून काढून घ्या. मग पुढचं वाचा.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी सगळ्यात घाईचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. पातं घासू नका, मूठ घासू नका, आणि मुठीच्या आत पात्याचा जो गंजका भाग आहे त्याला तर बोटही लावू नका. आपल्याकडे जुनी वस्तू दिसली की आधी चिंच-राख आठवते. देवघरातल्या तांब्याला ते ठीक आहे. जपानी पात्याचं मोल त्याच्या वरच्या कातडीत असतं. ती एकदा पॉलिश पेपरने ओरखडली की पुन्हा आणायला दगडांवर कित्येक दिवस काम करणारा जपानी कारागीर लागतो. त्याचा दर इंचावर असतो, इंचाला शंभर डॉलर आणि वर. तुमच्या 26 इंचांचा हिशोब करा, अडीच हजार डॉलर तिथेच झाले. आणि बऱ्याचदा तलवारच तेवढ्याची नसते.

आता खरी का खोटी. 1946 पासून ती त्याच घरात, त्याच ट्रंकेत असेल तर नकली असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. जपानी लष्करी तलवारींच्या नकला मोठ्या प्रमाणात बाजारात आल्या त्या अलीकडच्या काही दशकांत, बहुतेक चीनमधून. त्या ओळखूही येतात. फुलांचं नक्षीकाम बोथट असतं, मुठीवरची पट्टी सैल असून बोटाने सरकते, पट्टीखाली माशाच्या कातड्याऐवजी प्लॅस्टिक असतं. खऱ्या मुठीत बहुतेक वेळा पाकटाच्या जातीच्या माशाचं खरखरीत, दाणेदार कातडं असतं. कोकणातलं कुणी घरात असेल तर त्याला दाखवा, हात लावताच ओळखेल.

म्हणजे तुमच्यापुढचा खरा प्रश्न "खरी का खोटी" हा नाहीच. ती खरी कसली, हा आहे.

तुम्ही लिहिलेलं वर्णन, म्हणजे तपकिरी पट्टी, चेरीची पितळी फुलं, लोखंडी म्यान आणि एकच कडी, जपानी भूदलाच्या अधिकाऱ्याच्या तलवारीशी जुळतं. जपानी लष्कराने 1934 मध्ये जुन्या घाटाची ही तलवार अधिकाऱ्यांसाठी पुन्हा आणली. त्या पहिल्या नमुन्याला दोन कड्या असत. 1938 च्या नमुन्यात एकच राहिली. तुमची त्या दुसऱ्या नमुन्याची दिसते. जपानीत या सगळ्यांना 'गुंतो' म्हणतात, लष्करी तलवार. सामुराईंचा काळ त्याच्या कितीतरी आधी संपला होता. 1876 च्या फर्मानाने तलवार लावून फिरायलाच बंदी आली होती. तेव्हा बाहेरचा साज सामुराईचा नाही, हे दिरांना आजच सांगून टाका.

पण साज म्हणजे तलवार नव्हे. हे मराठी माणसाला फोड करून सांगायला नको. आपली फिरंग काय असते? पातं युरोपातलं, मूठ इथली. जपानी अधिकाऱ्यांनीही हेच केलं. ज्याच्या घरात खापरपणजोबांचं पातं होतं, त्याने ते लष्करी मुठीत बसवून घेतलं आणि लढाईला नेलं. ज्याच्या घरात नव्हतं त्याने कारखान्यातलं विकत घेतलं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. व्हिएतनाममधल्या सायगॉनला 30 नोव्हेंबर 1945 रोजी जपानी फील्ड मार्शल तेराउची यांनी आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांना आपल्या दोन तलवारी दिल्या. त्यातली आखूड तलवार 1413 सालची मानली जाते आणि ती आज विंडसर कॅसलमध्ये आहे. म्हणजे शरणागतीच्या ढिगात जुनी पाती होती. मात्र ती थोडी होती, आणि कारखान्याचा माल रग्गड. तुमच्या तलवारीबद्दल मला पैज लावायला सांगितली तर मी कारखान्याच्या बाजूनेच लावेन. हरलो तर आनंदच होईल.

निकाल लागतो तो मुठीच्या आत. आपल्या तलवारीची मूठ लाख-राळ ओतून पात्यावर पक्की करतात, ती सहसा निघत नाही. जपानी मूठ मात्र एका बांबूच्या खिळीवर उभी असते, खिळी काढली की मूठ हातात येते. आत जो पात्याचा शेपटासारखा भाग असतो त्याला 'नाकागो' म्हणतात. कारागीर सही तिथे करतो. तो भाग कधी घासत नाहीत, त्यामुळे त्यावरचा गंज हाच त्याच्या वयाचा दाखला असतो. तीन-चारशे वर्षांचा गंज काळपट, गडद आणि मऊसर दिसतो, 1940 च्या सुमाराचा पातळ असतो, खाली मूळ पोलाद आणि कानशीच्या रेघा स्वच्छ दिसतात. कुणी तो घासून चकचकीत केला की सहीसकट दाखला गेला. त्या पुण्याच्या व्यापाऱ्याने "लख्ख करा" म्हटलं ते अज्ञानाने की दुसऱ्या कशाने, मला ठाऊक नाही. पण ज्याला हे माहीत नाही त्याने सांगितलेला 35 हजारांचा आकडा मी तरी मनावर घेणार नाही.

मूठ काढायची तर घाई नको, आणि पोरासोरांना बाजूला ठेवा. मुठीवर आरपार गेलेलं एक छोटं भोक दिसेल, त्यात बांबूची खिळी असते. खिळी निमुळती असते, म्हणून बारीक टोकाच्या बाजूनेच ढकलायची. लाकडाची किंवा पितळेची बारीक काडी ठेवून वरून हलकेच ठोका द्यायचा. मग डाव्या हातात मूठ धरून पातं थोडं तिरकं वर करायचं, धार आपल्यापासून लांब, आणि डाव्या मनगटावर उजव्या मुठीने धक्के द्यायचे. पातं आपोआप सैल होतं. नाही झालं तर सोडून द्या. हातोडी, पक्कड, तेल, गरम पाणी, काहीही नको. खिळीच्या जागी स्क्रू दिसला तरीही हात लावू नका. तसा स्क्रू बहुधा हवालदार-नाईक दर्जाच्या लोकांच्या, कारखान्यात यंत्रावर बनवलेल्या तलवारीत असतो. तिची मूठ पट्टीची नसते, धातूची ओतीव आणि वर रंग दिलेली असते. तुमची तशी वाटत नाही.

नाकागो उघडा पडला की दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिडकीच्या तिरक्या उजेडात. अक्षरं भरून गेली असतील तर थोडी टाल्कम पावडर मऊ कापडाने फिरवा, खाचा पांढऱ्या दिसतील. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी असते, ओरखडते. मग तीन गोष्टी बघायच्या. एका बाजूला बहुधा कारागिराचं गाव आणि नाव असतं. लष्करी पाती मोठ्या संख्येने सेकी गावची, आजच्या गिफू प्रांतातली. दुसऱ्या बाजूला तारीख असू शकते, 'शोवा' या जपानी कालगणनेतलं अमुक वर्ष असं. शोवाच्या आकड्यात 1925 मिळवा, इसवी सन येतं. म्हणजे शोवा 17 म्हणजे 1942. तिसरी गोष्ट, सहीजवळ एखादा बारीक ठसा. 'शोवा' किंवा 'सेकी' अक्षराचा ठसा असेल तर पातं परंपरागत पद्धतीचं नाही, गिरणीतल्या पोलादाचं आहे असं धरून चाला. पाच टोकांचा तारा असेल तर मात्र मला लगेच कळवा. लष्कराने वाळूतल्या लोखंडापासून केलेलं पारंपरिक पोलाद काही कारागिरांना पुरवलं होतं, तो ठसा त्यांच्या पात्यांवर दिसतो. याशिवाय तोक्योच्या यासुकुनी देवळाच्या आवारात 1933 ते 1945 या काळात लोहारांनी सुमारे आठ हजार पाती जुन्या पद्धतीने घडवली. तीही संग्राहक शोधत असतात. ठसा नाही, तारीख नाही, नुसता जुना काळा गंज आणि खिळीची एकाऐवजी दोन-तीन भोकं, असं काही निघालं तर दिरांच्या 'सामुराई'त थोडा जीव आहे.

सहीमागे फार वाहवत जाऊ नका, एवढंच बजावतो. जपानात मोठ्या कारागिरांच्या नावाने खोट्या सह्या करण्याचा उद्योग शतकानुशतकं चालला. कोतेत्सु या सतराव्या शतकातल्या लोहाराची सही असलेली पाती इतकी सापडतात की त्याने झोप कधी घेतली असेल असा प्रश्न पडावा. आपल्या इथल्या पात्यांवरही 'आंद्रेआ फेरारा' हे इटालियन लोहाराचं नाव ठोकून भाव वाढवणारे होतेच. जाणकार आधी पातं बघतो आणि सही सगळ्यात शेवटी.

पात्यावरची ती नागमोडी रेघ, 'हामोन', त्यातूनच बरंच कळतं. जुन्या पद्धतीत पात्यावर मातीचा लेप देतात, धारेवर पातळ, पाठीवर जाड. मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झपाट्याने थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते, आणि दोन्हींची सीमा म्हणजे ही रेघ. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, पातं डोळ्यांपुढे धरा आणि दिव्याचं प्रतिबिंब रेघेवर आणा. रेघेत धुक्यासारखा पट्टा आणि त्यात बारीक चमचमणारे कण दिसले, पाठीकडच्या भागात सागाच्या फळीसारखे पदर दिसले, तर लोहाराने पोलाद दुमडून घडवलंय. कारखान्याच्या पात्यातही रेघ असते, ती तेलात बुडवून आणलेली असते. पण तिच्याखालचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट, मुका. आणि रेघ पात्याच्या अगदी वरच बसल्यासारखी, एकसारखी पांढरी, टोकाकडे अचानक संपणारी दिसली तर ती ॲसिडने काढलेली असू शकते. तुम्ही "पांढरट" लिहिलंय, एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही.

त्याच दिव्याखाली धारेवरून डोळे फिरवा. लहान खळगे, ओरखडे, गंजाचे ठिपके यांनी किंमत कमी होते, तलवार मरत नाही. धारेतून आडवी, पाठीच्या दिशेने गेलेली केसाएवढी चीर असेल तर मात्र ती मरते. शेकडो वर्षांची असली तरी.

पैशाचं बोलू. परदेशी बाजारात अशी अधिकाऱ्याची तलवार, कारखान्याच्या पात्याची, साज पूर्ण आणि अवस्था बरी असेल तर साधारण हजार-दीड हजार डॉलरच्या घरात विकली जाते. जुन्या पद्धतीने घडवलेलं लष्करी पातं असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, चांगला कारागीर असेल तर आणखी वर. शतकांपूर्वीचं, खऱ्या सहीचं असेल तर आकडा कुठे थांबेल ते त्या पात्यावरच ठरतं. कोटी मात्र विसरा. तशी पाती सातारच्या ट्रंकेत सहसा निघत नाहीत. शिवाय हे भाव तिकडचे. इथे गिऱ्हाईकच मोजकी, त्यामुळे भावही पडेल. 35 हजार ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण मूठ न उघडता दिलेला भाव म्हणजे पाकीट न उघडता वाचलेलं पत्र.

"जपानला पाठवून प्रमाणपत्र घेऊ" असं भाच्याने सुचवलं तर थांबवा. तिथे एनबीटीएचके नावाची, जपानी तलवारींचं जतन करणारी संस्था आहे, 1948 मध्ये स्थापन झालेली. तिची 'होझोन', 'तोकुबेत्सु होझोन' अशी चढती प्रमाणपत्रं जगभर मानली जातात. पण जपानात तलवार आणायची तर तिची नोंदणी लागते, आणि नोंदणी होते ती फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्यांची. कारखान्याचं लष्करी पातं तिथे बेकायदा ठरतं, जप्त होऊन मोडीत निघू शकतं. दुसरीकडून बघा. पातं खरंच शंभर वर्षांहून जुनं निघालं तर आपला 1972 चा पुरावस्तू कायदा आड येतो. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. म्हणजे नवी असेल तर तिकडे घेणार नाहीत, जुनी असेल तर इकडून सोडणार नाहीत. कुठलंही पाऊल टाकायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या. पहिल्या अंदाजासाठी चांगले फोटो पुरतात, परदेशी जाणकार फोटोंवरून बरंच सांगतात.

घरी ठेवण्याचंही आताच बघून टाका. तलवार 1959 च्या शस्त्र कायद्यात धारदार शस्त्रांत मोडते. परवाना लागतो का, हे तुमच्या भागाला कुठली अधिसूचना लागू आहे त्यावर आहे, ते पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत कळेल. आणि कृपा करून ती पिशवीत घालून एसटीने पुण्याला नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश सणासुदीला निघतच असतात.

खंडेनवमीला पूजा जरूर करा. पण हळद-कुंकू, ओलं फूल, पाणी पात्यावर नको, म्यानावर वाहा. लिंबू तर पात्याच्या जवळही नको. बोटांचा घाम लागला तरी पावसाळ्यात तिथे ठसा उमटतो, म्हणून पातं उघडं धरायचं तर मऊ सुती कापडाने. खोबरेल वर्षानुवर्षं लावत आला असाल तर ते चिकट होऊन बसलेलं असेल, ते मऊ कापडाने जेवढं निघेल तेवढंच काढा. त्याऐवजी शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात वर्षातून दोनदा पुरे. नाकागोला तेही नको. तलवार आडवी ठेवायची, धार वरच्या बाजूला.

आता ती चिंधी. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, आणि माझं लक्ष सगळ्यात आधी तिथेच गेलं.

माउंटबॅटनचा आग्रह होता की जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी सैन्यासमोर, सगळ्यांदेखत द्याव्यात. सिंगापूरला 12 सप्टेंबर 1945 ला मोठा समारंभ झाला, पण पुढे गावोगाव, छावणीछावणीत असे छोटे समारंभ होत राहिले. तुमचे आजेसासरे मलाया आणि मग जावा म्हणताहात, तो 23 व्या भारतीय डिव्हिजनचा मार्ग होता. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सहावी पलटण तर ऑक्टोबर 1945 मध्ये जावातल्या सुराबायाला उतरली आणि तिथल्या भयानक लढाईत सापडली. आजेसासऱ्यांच्या पलटणीचा नंबर कागदपत्रांत सापडला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा. तिथे पलटणीचं संग्रहालयही आहे.

त्या समारंभात तलवार देताना काही जपानी अधिकारी मुठीला किंवा कडीला लाकडाची पट्टी नाहीतर कापडाचा तुकडा बांधत. त्यावर शाईने आपलं नाव, हुद्दा, कधी गावाचा पत्ता लिहीत. कधीतरी परत मिळेल ही आशा असावी, किंवा निदान कुणाची होती एवढं राहावं म्हणून. बहुतेक घरांत हे तुकडे कचरा म्हणून गेले. तुमच्याकडे तो ऐंशी वर्षं टिकलाय, बहुधा कुणाच्या लक्षातच आला नाही म्हणून. संग्राहक अशा चिंधीला वेगळे पैसे मोजतात, ते खरं. पण तुम्हाला त्यातून एक नाव मिळेल. आजेसासऱ्यांसमोर कोण उभा होता ते.

सुतळी सोडू नका, कापड धुऊ नका, इस्त्री तर नकोच. आहे तशी बांधलेलीच राहू द्या. ढगाळ दिवशी अंगणात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एक जवळून आणि एक शेजारी पट्टी ठेवून. अक्षरं उलटी वाटली तरी फोटो फिरवू नका. नाकागोचे फोटो मागाहून आले तरी चालतील, आधी हे पाठवा.